भाऱ्यानं किती, रिकाम्यानं किती

माघ सरत आला की आमच्या भागात राब भाजायला सुरुवात होते. पावसाळ्यात भाताचं बी जिथं पेरायचं तेवढा तुकडा शेतकरी आधी भाजून काढतो. खाली शेण, त्यावर झाडाचा तोडून वाळवलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, वरून थोडी माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावायची. जाळ फारसा दिसत नाही. दिवसभर नुसता धूर सरपटत राहतो. मी राहतो शहापूरला आणि मुरबाड तालुक्यातल्या एका बाजारगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. रोज मोटरसायकलवर किन्हवली, सरळगाव करत जायचं. या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना राब लागलेले असतात. मुंबईकडून आलेले लोक गाडीच्या काचा खाली करून म्हणतात, काय छान वास आहे हो. मला तो वास आला की चिडचिड होते. घरी बायको म्हणते, "आले वाटतं राबाचे दिवस, चढला पारा." ती गमतीनं म्हणते. तिला कारण माहीत नाही.

हेच दिवस बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे. प्रयोगशाळेतली टेबलं पुसायची, स्प्रिंगा आणि वजनं काढायची, बंद पडलेली स्टॉपवॉच वेगळी करायची. बाहेरगावचे परीक्षक येणार म्हणून पोह्यांचं सांगून ठेवायचं. पोरं खाकी कव्हर घातलेल्या जर्नल्स छातीशी धरून व्हरांड्यात उभी. खिडकीतून धूर आत येतो आणि सगळ्यांच्या कपड्यांना एकच वास लागतो, परीक्षकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यालासुद्धा.

एकतीस वर्षं शिकवतोय. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. निरोपसमारंभात कुणीतरी उठून नक्की म्हणेल की सरांची जीभ तिखट, पण मन गोड. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या निरोपाला इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय, आणि दर वेळी ते खोटं होतं. तिखट जिभेच्या माणसाला मन गोड ठेवायला फुरसत कुठली. तो पुढचं वाक्य जुळवत असतो. भातसानगरच्या कॉलनीतून येणाऱ्या एका पोराला मी वर्षभर विचारायचो, "तुमच्या धरणातलं पाणी मुंबईला जातं, मग डोक्यातलं कुठं जातं रे?" तो बिचारा स्वतःही हसायचा. वर्ग हसला की मला बरं वाटायचं. इतकं साधं आहे ते. त्यात शिस्त नव्हती, कळकळ नव्हती, काही नव्हतं.

त्या पोरांत चार वर्षांपूर्वी रंजना होती. डोंगराच्या सोंडेवर पंचवीस-तीस घरांची वाडी आहे, तिथली. वाडीपर्यंत गाडीरस्ता तेव्हाही नव्हता, आजही नाही. बाप भात आणि नाचणी करायचा, आय त्याच्या बरोबरीनं राबायची. वाडीतले बाकीचे कर्ते पुरुष दिवाळी झाली की वाशिंदच्या बाजूला वीटभट्ट्यांवर किंवा कारखान्यांत. वाडीतून बारावी सायन्सला पोचलेली ही पहिली पोरगी. आणि तिला हा विषय नुसता जमत नव्हता, आवडत होता. अशी पोरं दहा वर्षांत एखाददुसरीच मिळतात. मास्तर लोक त्यांची वाट बघत असतात असं म्हणतात. मी बघत नव्हतो.

त्या अंगाला वाटेचं अंतर कुणी किलोमीटरात सांगत नाही. बाजार किती लांब, असं विचारलं की समोरचा आधी तुमच्या डोक्याकडं बघतो. मग विचारतो, "भाऱ्यानं का रिकाम्यानं?" म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन जाणार की हात हलवत. रिकाम्यानं एक तास, तर भाऱ्यानं दोन. सरपणाचा भारा असेल तर निराळा हिशोब, ओल्या टहाळाचा असेल तर निराळा. पोटुशी बाई असेल तर तिला न विचारताच भाऱ्याचा वेळ सांगतात. मी काही बाहेरचा नाही. धसईच्या पलीकडं आमचं घर, तिथं माझी आईही असंच बोलायची. शाळेतून घरी यायला उशीर झाला की ती विचारायची, "रिकामाच हुतास ना रे? मंग?"

जानेवारीत अभ्यासक्रम संपला की मी दोन-चार तास सापेक्षतेवर बोलतो. परीक्षेला ते नसतं. म्हणूनच मला आवडतं, कारण त्यावर उलट प्रश्न विचारायची कुणाची प्राज्ञा नसते. फळ्यावर मोठा गोल काढायचा, ही पृथ्वी. एक घड्याळ डोंगरमाथ्यावर ठेवायचं, एक पायथ्याशी. मग आवाज खाली आणून सांगायचं की जिथं वस्तुमान मोठं आणि जवळ, तिथं वेळ सावकाश चालतो. माथ्यावरचं घड्याळ पुढं जातं, पायथ्याचं मागं पडतं. पोरं डोळे मोठे करतात. मी हळूच पाणी ओततो: "अख्खा जन्म वर काढलात तरी फरक पडेल तो पापणी लवायला लागतो त्याच्याही एखाद्या बारीक तुकड्याएवढा. तेव्हा म्हातारे होऊ म्हणून वाडी सोडून पळू नका."

त्या वर्षी हे सांगून झाल्यावर रंजनानं हात वर केला. "सर, हे आमाला ठावं हाय. भाऱ्यानं टाइम लांबतो."

वर्गानं माझ्याकडं पाहिलं. वाढलेलं ताट समोर आल्यासारखं झालं मला. म्हटलं, "अरे वा. हे शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञानं उगाच डोकं शिणवलं म्हणायचं. तुमच्या वाडीत येऊन एक मोळी उचलली असती तर एका दिवसात सुटला असता."

हशा झाला. तिनं तो संपू दिला. खाली मात्र बसली नाही. "तसं नाय सर. तुमी म्हनता जडाजवळ घड्याळ हळू चालतं. पन जो जडाजवळ हाय त्याला तर त्याचं घड्याळ बरोबरच वाटनार. जो लांबून बघतोय, त्याला वाटनार हा एवढा टाइम का लावतोय. मंग हळू हाय ते कुनाचं म्हनायचं? त्याचं, का बघनाऱ्याचं?"

एवढा नेमका प्रश्न मला एकतीस वर्षांत कुणी विचारलेला नाही. त्याचं उत्तर सोपं नाही, आणि त्या क्षणी तर माझ्याकडं नव्हतंच. चांगल्या मास्तरानं खडू खाली ठेवून म्हटलं असतं, पोरी, मला बघून सांगावं लागेल. मी म्हटलं, "बस खाली. तास संपला." तास संपायला बारा मिनिटं होती. पोरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कुणी हसलं नाही. ते न हसणं माझ्या डोक्यात बसलं.

आता कुणी मला विचारलं तर मी आजही सांगेन की डोक्यावरच्या भाऱ्याचा आणि पृथ्वीच्या वस्तुमानाचा तसा काही संबंध नाही. ओझ्यानं पाय मागं पडतात त्याला सापेक्षता लागत नाही, मानेचं हाड पुरतं. पण तिचा दुसरा प्रश्न भाऱ्याचा नव्हताच. तो बघणाऱ्याचा होता. घरी जाऊन मी पुस्तकं काढली, दोन रात्री वाचली, आणि ती बरोबर होती. ते तिला सांगायचं सोडून मी तिच्यावर दात धरला. सतरा वर्षांच्या पोरीवर. मी चोपन्न वर्षांचा होतो.

मग फेब्रुवारी लागला. राबाची तोडणी ऐन भरात. तिचा बाप पहाटे कोयता घेऊन ऐनाच्या झाडावर चढायचा, फांद्या खाली टाकायचा. खाली ती आणि तिची आय त्याचे भारे बांधून शेतात आणून टाकायच्या. दोन खेपा करून ही पोरगी कॉलेजला यायची. केसांत ऐनाच्या पानाचा चुरा असायचा, पिशवीत चुंबळ असायची. भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची गुंडाळी. एकदा मी तिच्या केसांकडं बोट दाखवून म्हटलं, "वाटेत शेळ्या भेटल्या नाहीत वाटतं." दुसऱ्या दिवशी ती केस धुऊन आली, ओलेच. त्यावरही मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, वर्ग हसला होता एवढं आठवतं.

प्रात्यक्षिकाच्या बॅचेस मी पाडल्या. तिला विचारलं, "खाली यायला किती वेळ लागतो तुला?" ती म्हणाली, "रिकाम्यानं तास." म्हटलं, "परीक्षेला रिकामीच येशील ना? मग आठची बॅच." अकराच्या बॅचमध्ये दोन जागा मोकळ्या होत्या. बाजारगावातली, कॉलेजच्या भिंतीला घर लागून असलेली पोरं मी त्यात घातली. हे मी मुद्दाम केलं का? तेव्हा विचारलं असतंत तर नाही म्हणालो असतो, रागावून.

त्या दिवशी आठ वाजता दहा पोरं आत, अकरावी जागा रिकामी. प्रयोगाच्या चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येकानं उचलली. उरलेली चिठ्ठी मी उघडून बघितली. स्प्रिंगचा प्रयोग. स्प्रिंगला वजन टांगायचं, ओढून सोडायचं आणि वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. मग वजन वाढवायचं, पुन्हा मोजायचं. वजन वाढलं की हेलकाव्याला वेळ जास्त लागतो. वाडीतल्या पोरीला हे शिकवायची गरजच नव्हती, जन्मापासून पाठ. मी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

पावणेनऊला ती दारात आली. धापा टाकत होती. कपाळावरून घाम, ओढणी कमरेला बांधलेली, हातात जर्नल. डाव्या खांद्यावर चुंबळ होती. तिला ती काढायचं भानच नव्हतं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "या. तुमच्या वाडीचं घड्याळ तर आमच्या पुढं असतं ना गं? मग तू मागं कशी राहिलीस?"

आतली पोरं हसली. परीक्षेच्या ताणात पोरांना हसायला काहीही चालतं.

"भार होता सर," ती म्हणाली.

"परीक्षेच्या दिवशीसुद्धा? राब एक दिवस थांबला नसता? ती चुंबळ तरी घरी ठेवून यायचीस. का तिच्यावर मार्क मागायला आणलीस?"

बाहेरगावचे परीक्षक पोह्यांची बशी घेऊन उभे होते. भला माणूस. ते म्हणाले, "येऊ द्या हो सर. अजून दोन तास आहेत, करेल ती पोरगी." सगळं माझ्यावर होतं. एक शब्द, 'ये', एवढा. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. आज हिला सोडली तर उद्या सगळे भारे घेऊन येतील." परीक्षक बशीकडं बघायला लागले. मी दार लावलं. दाराच्या जाळीतून पाहिलं तर ती समोरच होती. रडली नाही. जर्नल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, खांद्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि निघून गेली.

चुंबळ डोक्यावर असते. तिच्या खांद्यावर होती. अख्खं लहानपण मी भारे वाहणाऱ्या बायकांत काढलंय. शहरातून आलेल्या मास्तराला ते कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. माझ्या डोळ्यांना तरी दिसायला हवं होतं की टहाळाचा भारा कुणी खांद्यावर नेत नाही. खांद्यावर बांबू नेतात. बांबूला झोळी असते, आणि झोळीत माणूस.

दुपारी दोनला आमचे शिपाई गोमामामा चहा घेऊन आले. खालच्या आवाजात म्हणाले, "सर, ती वरच्या वाडीची पोरगी. तिचा बाप सकाळी ऐनावरनं पडला. फांदीसकट." मग त्यांनी नाक्यावर कळलेलं सगळं सांगितलं. वाडीत उचलायला गडी माणूस नव्हता. गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली. पुढं म्हातारा चुलता आणि शेजारीण, मागं आय आणि रंजना. उतारावर मागच्यांना झोळी ताणून धरावी लागते, नाहीतर माणूस घसरतो. चौघांनी तसा तो डांबरी रस्त्यापर्यंत आणला. जीप मिळाली, मुरबाडला नेलं, तिथून पुढं न्या म्हणाले. आय बरोबर गेली. "पोरगीला बापानंच धाडली म्हनतात. झोळीतनं सांगत हुता, गो, तुझी परीक्षा हाय, तू जा." गोमामामांनी कप ठेवला आणि माझ्याकडं न बघता गेले. दारातलं माझं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं.

आता पुढचं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशीची एक बॅच शिल्लक होती. परीक्षक मुक्कामाला होते. गोमामामांना सायकलवर पाठवलं असतं, तर पोरगी नाक्यावर नाहीतर वाडीत सापडली असती. परीक्षकांना नुसतं सांगायचं होतं की तिच्या बापाला अपघात झाला. ते हो म्हणाले असते, मी सांगायच्या आत हो म्हणाले असते. मला ते पुरतं माहीत होतं. मी पाठवलं नाही.

का नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय आणि दर वेळी एखादं बरं दिसणारं कारण शोधलंय. खरं कारण लाजिरवाणं आहे. सगळ्या वर्गासमोर मी दार लावलं होतं. ते मीच उघडायचं म्हणजे मी खाली येणार. मला वाटलं, ती येईल, रडेल, सर सर करेल, मग मी मोठ्या मनानं उघडेन. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी व्हरांड्यात तीनदा जाऊन आलो. तिची वाट बघत होतो, आणि ती येत नाही म्हणून मला तिचाच राग येत होता. तिकडं तिचा बाप कमरेखाली हलत नव्हता. संध्याकाळी परीक्षकांनी यादी पुढं केली आणि तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं गैरहजर लिहिलं. लेखी परीक्षेलाही ती आली नाही. बापाला कूस बदलायला दोन माणसं लागत होती.

चार वर्षं झाली. तेवढ्या काळात मी दारात उभा राहून कुणाला उशिराबद्दल बोललो नाही. लोकांना वाटलं सर वयानं मऊ झाले. तिची जर्नल माझ्या कपाटात आहे. सुरेख अक्षर, आकृत्या पट्टीनं काढलेल्या. स्प्रिंगच्या प्रयोगाखाली निष्कर्ष लिहिलाय आणि पानाच्या कडेला, अगदी बारीक, पेन्सिलीनं: 'आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे.' मी कधीतरी ती पेन्सिलीची ओळ खोडून टाकायला सांगितली असणार. तिनं खोडली नव्हती.

गेल्या आठवड्यात मी वर गेलो. मे नंतर या बाजूला येणं होणार नाही, आणि पुढं पाऊस लागला की वाट बंद. जर्नल पिशवीत घेतली. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्मही घेतला. मनात वाक्यं जुळवत होतो, सवयीनं. माफी मागायची, सगळं कबूल करायचं, तिच्या आईबापासमोर. हात जोडायचे. ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. शिव्या दिल्या तर उत्तमच.

पायथ्याशी एक म्हातारी राबावर पाला पसरत होती. तिला वाट विचारली. तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं.

"रिकामेच हाव ना?"

"रिकामाच."

"मंग तास."

मला दोन लागले. गुडघे गेलेत माझे, दुसरं काही नाही.

घर मातीचं, सारवलेलं. आय रानात गेली होती. रंजना अंगणात नाचणी पाखडत होती. एकवीस वर्षांची, हाडं मोठी दिसायला लागलेली. मला ओळखलं, सूप खाली ठेवलं. "या सर," म्हणाली, जसं काही मी दर शनिवारी येतो. तिच्या तोंडावर राग नव्हता. मी शोधला. आत खाटेवर तिचा बाप होता. गालफडं बसलेली, पाय चादरीखाली काठ्यांसारखे. वरच्या भिंतीवर घड्याळ, चालू.

"बा, कालेजचं सर आलं," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हात छातीवर आणून जोडले. "सर, तुमी? एवढं चढून आलंव? पानी दे गो सरांना." मग माझा हात धरला. हात गरम होता. "तुमचं उपकार हाईत. त्या दिवशी माझ्यापायी पोरीला उशीर झाला. पन तुमी तिला आत घेतलंव. बसू दिलंव परीक्षेला. ती सांगत हुती, सर बोललं, बापाचं आधी, परीक्षेचं मागनं, ये बस. लय मोठं मन तुमचं."

मी रंजनाकडं पाहिलं. ती तांब्या घेऊन उभी होती, माझ्याकडं सरळ बघत.

"पुढं तीच नको म्हनली," तो बोलत होता. "पेपरलाच गेली नाय. मला घरातच ऱ्हायाचं, म्हनली. मी लय सांगितलं. तिचं मनच नवतं शिकायचं. नायतर माझ्यापायी पोरीचं वाटुळं झालं, या विचारानंच मी मेलो असतो, सर. तुमच्यामुळं एवढं तरी ओझं नाय माझ्यावर."

चार वर्षं मी खाली बसून या घरात मला काय काय म्हणत असतील याचा विचार करत होतो. इथं मी देवमाणूस होतो. तिनं केलं होतं मला, बापाला झोप लागावी म्हणून. मी वाटभर जुळवून आणलेल्या माफीतला एक शब्द जरी इथं उच्चारला असता तर तो त्या माणसाच्या छातीवर पडला असता. पिशवीतली जर्नल काढली असती तर त्यानं विचारलं असतं, ही सरांकडं कशी? मी पिशवी मांडीखाली सरकवली. ज्या ओझ्यातून मोकळं व्हायला वर आलो होतो, ते घेऊनच मला उतरायचं होतं, आणि वरून हे देवमाणूसपण. मला तिथं बसवेना.

"निघतो," मी म्हटलं.

"जरा थांबा सर," रंजना म्हणाली. "आय नाय घरात. बाची कूस बदलायचा टाइम झाला. दुसरं मानूस लागतं. धराल का?"

तिनं मला दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपल्याकडं ओढून उचलून धरायचं, पाठ मोकळी राहील असं. मी धरलं. वाटलं होतं, सुकलेला माणूस, हलका असेल. नव्हता. ती पलीकडून पाठीच्या जखमा पुसायला लागली. कोमट पाणी, कापूस, पावडर. सावकाश, नीट, प्रत्येक जखम वेगळी. आकृत्या काढायची तशीच. वास आला तसा मी तोंड फिरवलं. बाप माझ्या कानाशी पुटपुटत होता, सरांना तरास, सरांना तरास. माझे दंड आणि कंबर भरून आली. घाम डोळ्यांत गेला, पण पुसायला हात नव्हता.

"सर," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "किती टाइम झाला असंल?"

"झाली असतील पाच-सहा मिनिटं," मी म्हटलं.

तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. हसली नाही.

"दीड मिनिट झालंय," ती म्हणाली. "सोडू नका. अजून ही सगळी बाजू ऱ्हायलीय."